वार्धक्य आणि अस्थिक्षय : उंदरांवरील एका संशोधनाची हकीकत

वार्धक्याचीं बाह्य चिन्हें कोणाच्याहि दृष्टीस सहज पडतात. केस पांढरे होतात, दांत हलूं लागतात, पोथी वाचतांना ती हातभर दूर धरावी लागते. परंतु शरीरांतील जो भाग आपण सर्वांत टणक व टिकाऊ समजतों, त्या अस्थिपंजरांत होणारा फरक मात्र बहुधा कोणाच्याच लक्षांत येत नाहीं. हाड झिजतांना दुखत नाहीं, सुजत नाहीं, कांहीं तक्रार करीत नाहीं. मग एखादे दिवशीं न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय घसरल्याचें निमित्त होतें, आणि कालपरवांपर्यंत घरभर वावरणारी, देवपूजेचें सर्व स्वतःच्या हातानें करणारी आजी खुब्याचें हाड मोडून अंथरुणास खिळते. "वय झालें, चालायचेंच," असें म्हणून घरांतील मंडळी सुस्कारा टाकतात.

हा प्रसंग अपवादात्मक नाहीं. पन्नाशी उलटलेल्या दर तीन स्त्रियांपैकीं एकीस व दर पांच पुरुषांपैकीं एकास पुढील आयुष्यांत ठिसूळ झालेलें हाड मोडण्याची आपत्ति सोसावी लागते, असें जगांतील निरनिराळ्या देशांच्या अनुभवावरून मानण्यांत येतें. खुब्याचें हाड मोडलेल्या वृद्धांपैकीं सुमारें पंचमांश माणसें वर्षाच्या आंत दगावतात. जीं वांचतात त्यांपैकीं पुष्कळांस पुन्हां पहिल्याप्रमाणें कोणाच्या आधारावांचून हिंडतां येत नाहीं. तेव्हां "वय झालें" हें उत्तर पुरेसें आहे काय? वय म्हणजे नुसती वर्षांची मोजदाद. ती मोजदाद हाडास कशी कुरतडते? कीं वयाबरोबर शरीरांत दुसरेंच कांहीं सांचत जातें, व तें काढून टाकल्यास हाड शाबूत राहूं शकेल?

हा प्रश्न ज्यांनीं प्रयोगाच्या कसोटीस लावला, त्यांत अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांतील रॉचेस्टर शहरीं असलेल्या मेयो क्लिनिक ह्या वैद्यकीय संस्थेंतील डॉ. संदीप खोसला, डॉ. जोशुआ फार व त्यांचे सहकारी ह्यांचें स्थान मोठें आहे. म्हाताऱ्या उंदरांवर त्यांनीं केलेल्या प्रयोगांचा वृत्तान्त २०१७ सालीं 'नेचर मेडिसिन' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगांनीं काय सिद्ध झालें, आणि तितकेंच महत्त्वाचें म्हणजे काय सिद्ध झालें नाहीं, हें ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत अशा प्रत्येक कुटुंबानें समजून घेण्यासारखें आहे.

हाड हें जिवंत आहे

आयुर्वेदानें अस्थि हा सप्तधातूंतील पांचवा धातु मानला व जरा म्हणजे वार्धक्य ह्या विषयास आपल्या आठ अंगांत स्वतंत्र स्थान दिलें. हाड हा शरीराचा जिवंत घटक आहे आणि म्हातारपण हा वैद्यकाचा विषय आहे, ह्या दोन्ही कल्पना त्यामुळें आपणांस अगदीं परक्या नाहींत. आधुनिक शास्त्रानें ह्या जिवंतपणाचा व्यवहार सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला आहे. आपल्या समजुतीप्रमाणें हाड म्हणजे एकदां रचून ठेवलेला दगडी खांब; वस्तुतः तें सतत डागडुजी चालू असलेल्या जुन्या वाड्यासारखें असतें. प्रौढ माणसाच्या एकंदर अस्थिपंजराचा सुमारें दशांश भाग दरसाल काढला जातो व नवा भरला जातो.

ह्या कामावर दोन जातींच्या पेशी नेमलेल्या असतात. एक जात जुनें हाड विरघळवून खळगे पाडते. तिला आपण अस्थिभक्षक म्हणूं. दुसरी जात त्या खळग्यांत नवें हाड रचते, ती अस्थिकारक. रचनेचें काम संपल्यावर अस्थिकारकांपैकीं कित्येक पेशी आपणच बांधलेल्या हाडांत गाडल्या जातात, आणि तेथें वर्षानुवर्षें जिवंत राहून हाडावर पडणाऱ्या भाराची जाणीव ठेवतात. कोठें पाडावें व कोठें बांधावें ह्याचे निरोप पुष्कळ अंशीं ह्याच अंतःस्थ पेशींकडून सुटतात. तरुणपणीं पाडणें व बांधणें ह्यांचा मेळ बसलेला असतो. पुढें बांधणारे हात मंदावतात, पाडणारे मात्र मंदावत नाहींत. आणि दरवर्षीं थोडी थोडी तूट पडत जाऊन हाडाची आंतील जाळी विरळ होते.

ह्या तुटीचें एक कारण बरेंच आधीं उमगलें होतें. १९४१ सालीं बोस्टन येथील डॉ. फुलर ऑलब्राइट ह्यांनीं रजोनिवृत्तीचा व स्त्रियांच्या अस्थिक्षयाचा संबंध दाखवून दिला. ईस्ट्रोजेन नांवाचा जो अंतःस्राव स्त्रीच्या शरीरांत वाहतो, तो आटल्यावर हाडांचें रक्षण कमी होतें, हा त्याचा इत्यर्थ. परंतु एवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं. पुरुषांस रजोनिवृत्तीसारखा एकदम येणारा पालट नसतो; तरी उतारवयांत त्यांचींहि हाडें झिजतात. अर्थात् ह्या स्रावाच्या अभावाखेरीज वार्धक्याचें म्हणून कांहीं निराळें कारण असलें पाहिजे.

न मरणाऱ्या, न राबणाऱ्या पेशी

ह्या कारणाचा धागा अस्थिविद्येबाहेर, एका वेगळ्याच वादांत सांपडला. नोबेल पारितोषिक मिळविलेले डॉ. अलेक्सिस कॅरेल ह्यांनीं १९१२ सालीं न्यूयॉर्क येथें कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयांतील पेशी काचपात्रांत वाढविण्यास आरंभ केला. ती वाढ तीस वर्षांहून अधिक काळ चालू राहिली, आणि शरीराबाहेर काढलेली पेशी अमर असते असा समज रूढ झाला. १९६१ सालीं फिलाडेल्फिया येथील लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड ह्यांनीं त्या समजास धक्का दिला. माणसाच्या निरोगी पेशी पात्रांत सुमारें पन्नास वेळां दुणावतात व नंतर त्यांचें विभाजन थांबतें, असें त्यांनीं दाखविलें. ह्यांतील विशेष असा कीं, विभाजन थांबलेल्या त्या पेशी मरत नाहींत. नुसत्या तशाच राहतात.

अशा पेशींस आपण जीर्ण पेशी म्हणूं. त्या निरुपद्रवी असत्या तर त्यांची चर्चा करण्याचें कारण नव्हतें. परंतु कॅलिफोर्नियांतील विदुषी ज्युडिथ कॅम्पिसी व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००८ सालीं असें दाखविलें कीं, जीर्ण पेशी आपल्या भोंवतीं दाह उत्पन्न करणारे नाना प्रकारचे स्राव सोडीत असतात. चुलींतील ओलें लाकूड जसें धड पेटत नाहीं कीं धड विझत नाहीं, आणि धुरानें मात्र सगळें स्वयंपाकघर कोंदून टाकतें, तसाच हा प्रकार आहे. लाकूड एकच असतें, पण डोळे सर्वांचेच चुरचुरतात. तसेंच शरीरांत जीर्ण पेशी थोड्या असल्या, तरी शेजारच्या चांगल्या पेशींचें काम त्या बिघडवितात.

हा धूर खरोखरच म्हातारपणाच्या व्याधींचें कारण आहे काय, हें ठरविण्यास एकच मार्ग होता : लाकूड काढून पाहणें. मेयो क्लिनिकमधील डॉ. डॅरेन बेकर, डॉ. यान व्हान ड्यूर्सेन व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्याकरितां एक चमत्कारिक युक्ति योजिली. जीर्ण पेशींत पी-१६ नांवाचें एक प्रथिन विशेष प्रमाणांत आढळतें. त्यांनीं उंदरांच्या आनुवंशिक द्रव्यांत अशी एक कळ बसविली कीं, ज्या पेशींत पी-१६ निर्माण होऊं लागेल तींतच ती कळ तयार व्हावी, आणि बाहेरून एक विशिष्ट औषध टोंचलें म्हणजे तेवढ्याच पेशींनीं आत्मघात करावा. अकालीं म्हातारे होणाऱ्या उंदरांवर केलेला हा प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला. जीर्ण पेशी काढून टाकल्यानें त्या उंदरांचे स्नायु, डोळे व त्वचेखालील मेद ह्यांत वार्धक्याचे विकार उशिरां दिसूं लागले. साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला, तो हाडांचा.

उंदीरच कां ?

माणसाच्या वार्धक्याचा अभ्यास करावयाचा, तर एका पिढीच्या संशोधकांचें आयुष्य पुरें पडत नाहीं. प्रयोगशाळेंतील उंदीर दोन-अडीच वर्षें, फार तर तीन वर्षें जगतो. वीस महिन्यांचा उंदीर माणसाच्या मानानें साठीच्या घरांतला, आणि चोवीस महिन्यांचा सत्तरीच्या आसपासचा समजावा. त्याचें खाणें, झोंप व सोबत हीं सर्व संशोधकाच्या ताब्यांत असतात. शिवाय म्हाताऱ्या उंदराचेंहि हाड माणसाप्रमाणेंच विरळ होतें.

म्हणून डॉ. फार व डॉ. खोसला ह्यांच्या मंडळीनें प्रथम सहा महिन्यांच्या तरुण उंदरांचीं हाडें आणि चोवीस महिन्यांच्या वृद्ध उंदरांचीं हाडें शेजारीं शेजारीं ठेवून तपासलीं. वृद्धांच्या हाडांत जीर्ण पेशी वाढलेल्या आढळल्या. आणि विशेषतः हाडांत गाडलेल्या ज्या निरोप्या पेशींचा वर उल्लेख केला, त्या दाहक स्राव पुष्कळ सोडतांना दिसल्या. तरुण व वृद्ध स्त्रियांच्या हाडांचे सूक्ष्म तुकडे तपासले असतां, वृद्ध स्त्रियांच्या हाडांत पी-१६ चें प्रमाण अधिक असल्याचें आढळलें. हा शोध २०१६ सालचा.

परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. ज्या घरांत धूर तेथें खोकला, एवढें दिसलें तरी खोकला धुरानेंच आला कीं अन्य कशानें, हें धूर काढल्याशिवाय समजत नाहीं. २०१७ च्या प्रयोगांचें महत्त्व ह्यांतच आहे.

तीन वाटांनीं एकच परीक्षा

प्रयोगासाठीं घेतलेले उंदीर वीस महिन्यांचे, किंवा त्याहून थोडे मोठे होते. म्हणजे त्यांचीं हाडें आधींच झिजलेलीं होतीं. तरुणपणीं उपाय सुरू करून म्हातारपण टाळण्याचा हा प्रकार नव्हता. आलेल्या म्हातारपणांत कांहीं करतां येतें काय, हें पाहावयाचें होतें.

पहिल्या वाटेनें, वर सांगितलेली आत्मघाताची कळ बसविलेले उंदीर घेऊन त्यांच्या जीर्ण पेशी चार महिनेपर्यंत वारंवार नष्ट करण्यांत आल्या. दुसऱ्या वाटेनें साध्याच उंदरांस दोन औषधें मिळून महिन्यांतून एकदां देण्यांत आलीं. त्यांपैकीं डॅसाटिनिब हें रक्ताच्या एका कर्करोगावरील औषध आहे, आणि क्वेर्सेटिन हें कांदा, सफरचंद इत्यादिकांत आढळणारें वनस्पतिज द्रव्य आहे. ह्या जोडीनें जीर्ण पेशींचें रक्षाकवच ढिलें पडून त्या मरतात. तिसऱ्या वाटेनें जीर्ण पेशींस जिवंतच ठेवलें, परंतु रुक्सोलिटिनिब नांवाच्या औषधानें त्यांचे दाहक स्राव दोन महिने दाबून धरले. पहिल्या दोन वाटांनीं लाकूड काढलें; तिसरीनें लाकूड ठेवून धूर तेवढा अडविला.

तिन्हीं वाटांचा शेवट एकाच ठिकाणीं झाला. उपचार न झालेल्या समवयस्क उंदरांशीं ताडून पाहतां, उपचार झालेल्यांचीं हाडें अधिक भरीव व अधिक मजबूत होतीं, आणि त्यांची आंतील जाळी अधिक चांगली राहिली होती. निरनिराळ्या तीन मार्गांनीं एकच निष्कर्ष निघाला असतां तो एखाद्या औषधाच्या भलत्याच गुणाचा परिणाम असेल, अशी शंका घेण्यास जागा उरत नाहीं.

ह्याहून लक्षांत घेण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. अस्थिक्षयावर आज जीं औषधें प्रचारांत आहेत, त्यांपैकीं बहुतेक अस्थिभक्षक पेशींस आवर घालतात. परंतु पाडणें व बांधणें हीं कामें एकमेकांशीं इतकीं जखडलेलीं आहेत कीं, पाडणें थांबविलें कीं बांधणेंहि मंदावतें. ह्या उंदरांत तसें झालें नाहीं. हाडाची झीज कमी झाली, आणि नवी रचना आंतील जाळीदार भागांत कायम राहिली व बाहेरील घट्ट भागांत उलट वाढली. जीर्ण पेशींचे स्राव काचपात्रांत चांगल्या पेशींवर घालून पाहिले असतां अस्थिकारकांचें काम बिघडलें व अस्थिभक्षकांची पैदास वाढली. म्हणजे धुरानें गवंड्याचे हात थांबत होते आणि पाडणाऱ्यांची संख्या वाढत होती. धूर हटतांच दोन्हीं गोष्टी सुधारल्या.

२०१९ सालीं ह्याच मंडळीनें आणखी एक प्रश्न सोडविला. ईस्ट्रोजेनच्या अभावानें होणारी झीज व जीर्ण पेशींनीं होणारी झीज ह्या एकच आहेत कीं वेगवेगळ्या? अंडाशय काढलेल्या तरुण उंदरांत हाड झिजलें, पण तें जीर्ण पेशींच्या द्वारें नव्हे, असें दिसून आलें. दोन वाटा स्वतंत्र आहेत. म्हाताऱ्या स्त्रीच्या हाडावर दोन्हींकडून मारा होतो.

उंदरापासून माणसापर्यंत

येथवर वाचून कोणाच्याहि मनांत येईल कीं, मग हें औषध आजीस केव्हां मिळणार? ह्याच ठिकाणीं थांबून विचार करणें अवश्य आहे. उंदीर चार पायांवर चालतो. त्याच्या खुब्यावर माणसाप्रमाणें उभ्या शरीराचा भार पडत नाहीं. माणसाच्या घट्ट हाडांत जुनें पोंखरून नवें भरण्याची जी नलिकाकार व्यवस्था असते, ती उंदरांत आढळत नाहीं. आणि ज्यांचें सर्व जीवन पिंजऱ्यांत, एकाच आहारावर गेलें, त्या सारख्यासारख्या प्राण्यांचा नियम नाना प्रकृतींच्या माणसांस जसाच्या तसा लागू पडेल, असें धरून चालतां येत नाहीं.

डॉ. खोसला व त्यांचे सहकारी ह्यांनीं तसें धरलें नाहीं, ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे. त्यांनीं रजोनिवृत्ति होऊन गेलेल्या ६० स्त्रियांवर रीतसर परीक्षा घेतली. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवड करून अर्ध्यांस डॅसाटिनिब व क्वेर्सेटिन हीं औषधें महिन्यांतून थोडेच दिवस, अशीं वीस आठवडे दिलीं. उरलेल्या अर्ध्यांस दिलीं नाहींत. परीक्षेचा मुख्य निकष आधींच ठरवून ठेवला होता : हाडाची झीज दर्शविणारें रक्तांतील एक द्रव्य वीस आठवड्यांनंतर कमी होतें काय? २०२४ सालीं 'नेचर मेडिसिन'मध्येंच उत्तर प्रसिद्ध झालें. तें द्रव्य औषध न घेणाऱ्या स्त्रियांच्या मानानें कमी झालें नाहीं. नवें हाड रचलें जात असल्याचें दर्शविणारें दुसरें द्रव्य दुसऱ्या व चौथ्या आठवड्यांत वाढलेलें आढळलें; परंतु विसाव्या आठवड्यांत तोहि फरक राहिला नाहीं.

एक बारीकशी आशा मात्र त्यांत दिसली. ज्या स्त्रियांच्या रक्तांतील पेशींत पी-१६ चें प्रमाण सर्वांत अधिक होतें, म्हणजे ज्यांच्या शरीरांत जीर्ण पेशींचा भार जास्त असावा, त्यांच्या हातांतील हाडाची घनता थोडी वाढल्याचें दिसलें. ज्या घरांत धूरच फार नाहीं, तेथें लाकूड काढून फरक तो काय पडणार? परंतु मुख्य निकषावर हरल्यानंतर एखाद्या लहान गटांत दिसलेलें यश हें प्रमाण नव्हे. पुढील परीक्षेची ती केवळ दिशा होय.

ह्यास पराभव म्हणावें काय? आमच्या मतें नाहीं. उंदरांत सिद्ध झालेली गोष्ट खोटी ठरलेली नाहीं; माणसांत ती किती, केव्हां व कोणास लागू पडते, हें ठरावयाचें आहे. स्वतःच्याच सिद्धान्तावर स्वतःच परीक्षा घ्यावयाची, निकष आधीं जाहीर करावयाचा, आणि निकाल प्रतिकूल लागला तरी तो छापून जगापुढें ठेवावयाचा, ह्या शिस्तीमुळेंच शास्त्रास विश्वासपात्रता येते. तारुण्य परत देणारीं रसायनें विकणाऱ्यांच्या जाहिरातींत असा प्रतिकूल निकाल कधीं छापलेला आढळत नाहीं. खरें शास्त्र व बाजारी दावे ह्यांतील भेद ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे.

घरांतील मंडळींनीं काय घ्यावें

ह्या संशोधनावरून कोणीहि घरच्या घरीं औषधोपचार आरंभूं नये. डॅसाटिनिब हें कर्करोगाचें औषध आहे व त्याचे दुष्परिणाम गंभीर असूं शकतात. क्वेर्सेटिन कांद्यांत असतें म्हणून चातुर्मासांतील कांद्याचा नेम मोडण्याचेंहि कारण नाहीं. आहारांतून पोटांत जाणारी त्याची मात्रा व प्रयोगांतील मात्रा ह्यांत महदंतर आहे.

परंतु आज हातीं असलेले उपायहि कांहीं थोडे नाहींत, आणि पुष्कळ घरांत ते "वय झालें" ह्या एका वाक्याखालीं गाडले जातात. हाडाची घनता मोजण्याची तपासणी वेदनारहित असून कांहीं मिनिटांत होते. पाठीस पोंक येणें किंवा उंची इंचभर कमी होणें ह्याला म्हातारपणाची शोभा समजूं नये. मणक्याचें हाड खचलें असतां पुष्कळदां दुखतहि नाहीं. साध्याशा पडण्यानें मनगट मोडलें, तर तें बसवून घेण्याबरोबरच हाडें तपासून घ्यावीं, कारण पहिला अस्थिभंग हा पुढच्याची सूचना असतो. दम्यासाठीं अथवा संधिवातासाठीं स्टेरॉइड जातीचीं औषधें दीर्घकाळ पोटांत घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस हाडांविषयीं आवर्जून विचारावें. झीज थांबविणारीं औषधें १९९५ पासून व नवें हाड रचविणारीं २००२ पासून अमेरिकेंत मान्यता पावलेलीं आहेत, आणि तीं आपल्याकडेहि मिळतात. मात्र तीं डॉक्टरांच्याच सल्ल्यानें घ्यावयाचीं.

औषधांवांचून होणाऱ्या गोष्टी तर सर्वस्वीं घराच्या हातीं आहेत. दूध, ताक, नाचणी, तीळ, डाळी ह्यांचा वृद्धांच्या पानांत संकोच नसावा. आपल्या देशांत ऊन मुबलक असूनहि शहरांतील पुष्कळ लोकांत ड जीवनसत्त्वाची उणीव आढळते. घरांत बसून राहणाऱ्या वृद्धांस ती अधिक भोंवते. रोज चालणें व झेपेल तेवढे कष्ट करणें हाडास आवश्यक आहे, कारण हाडांतील त्या निरोप्या पेशी भारावांचून बांधकामाचा निरोप धाडीत नाहींत. म्हाताऱ्या माणसास प्रेमापोटीं एका जागीं बसवून ठेवणें, हें त्याच्या हाडांच्या दृष्टीनें प्रेमाचें कृत्य नव्हे. न्हाणीघरांत धरावयास दांडी, कोरडी फरशी, रात्रीं वाटेंत दिवा व डोळ्यांना योग्य चष्मा ह्यांस खर्च थोडा लागतो. परंतु मोडलें असतें असें एखादें हाड त्यामुळें वांचतें.

रॉचेस्टर येथील त्या उंदरांनीं आपणांस अजून औषध दिलें नाहीं. पण एक दृष्टि दिली आहे. वार्धक्यांत हाड झिजतें तें केवळ वर्षें लोटल्यामुळें नव्हे, तर त्या वर्षांत शरीरांत जें सांचतें व जें उणें पडतें त्यामुळें. वर्षें कोणास अडवितां येत नाहींत. सांचलेलें काढतां येईल काय, ह्याचा शोध चालू आहे. आणि उणें पडलेलें भरून काढणें हें आजहि आपल्या हातीं आहे. ह्यापुढें घरांतील एखाद्या वडील माणसाविषयीं "वय झालें" असें म्हणण्याची वेळ आली, तर त्यापुढें पूर्णविराम न देतां "म्हणून आतां काय केलें पाहिजे?" हा प्रश्न आपण जोडावा, एवढीच वाचकांस विनंति आहे.